थायरॉइड कंट्रोलमध्ये आहे, मग कॅल्शियम का वाढतंय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ४८ वर्षांची, राहते भांडुपला, नोकरी फोर्टला. धाकट्याच्या बाळंतपणानंतर थायरॉइड कमी असल्याचं कळलं, तेव्हापासून रोज सकाळी ७५ ची गोळी चालू आहे, थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच २.८ म्हणजे नॉर्मल. पण गेल्या वर्षी फुल बॉडी चेकअपमध्ये कॅल्शियम १०.९ आलं आणि यंदा ११.१, दोन्ही वेळा "थोडंसंच आहे, थायरॉइडमुळे असेल" असं सांगून फाइल परत हातात दिली. मला सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही, अंग दुखतं, ऑफिसात कोणी काही सांगितलं की दुपारपर्यंत विसरलेलं असतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियमची गोळी आणि डी व्हिटॅमिनची पावडर घेते. जाऊबाई म्हणतात दूध-दही आधी बंद कर. नक्की करू काय?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, दोनदा वाढलेलं कॅल्शियम "थोडंसंच" म्हणून सोडून द्यायचं नसतं, आणि तुम्हाला होणारा त्रास मनाचे खेळ नाहीत हे आधी सांगते. तहान, बद्धकोष्ठता, थकवा, विसरभोळेपणा हे सगळं वाढलेल्या कॅल्शियममुळे होऊ शकतं. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा १०.२ ते १०.५ च्या आसपास असते, म्हणजे तुमचा आकडा नक्की वर आहे.

थायरॉइडमुळे कॅल्शियम वाढतं ते थायरॉइड जास्त असेल तेव्हा, कारण हाडांची झीज वाढते आणि तिथलं कॅल्शियम रक्तात येतं. गोळीचा डोस जास्त झाला तरी तसं होऊ शकतं, पण मग टीएसएच खूप खाली गेलेला दिसला असता (थायरॉइड जास्त झालं की तो उतरतो). तुमचा २.८ आहे, त्यामुळे थायरॉइडवर ढकलून हे प्रकरण मिटत नाही. थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. १८८० मध्ये उप्सालाच्या सँडस्ट्रॉम नावाच्या विद्यार्थ्याने त्या माणसात शोधल्या, त्याआधी लंडनच्या झूमधल्या एका भारतीय गेंड्यात त्या दिसल्या होत्या! यातली एखादी ग्रंथी वाढून पीटीएच हे हार्मोन जास्त सोडायला लागली की कॅल्शियम चढतं, बाहेरून तब्येत बरी दिसणाऱ्या माणसात तर बऱ्याचदा हेच कारण निघतं, आणि थायरॉइडवाल्या बाईला हा दुसरा आजार वेगळा होऊ शकतो.

म्हणून कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तातून करा, सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि डी व्हिटॅमिन. अल्ब्युमिन कमी-जास्त असेल तर कॅल्शियमचा आकडा फसवतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा वर जातो, तेव्हा लॅबवाल्याला तसं सांगा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल (थायरॉइडवाल्या बायका हमखास घेतात) तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, काही लॅबच्या पद्धतीत त्याने पीटीएच आणि टीएसएच दोन्ही चुकीचे येतात. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएच "नॉर्मल" आला तरी तो नॉर्मल धरायचा नाही, तो अशा वेळी दबलेला असायला हवा, रिपोर्टवर लाल अक्षर नाही म्हणून इथेच बऱ्याच जणींची वर्षं वाया जातात.

पीटीएच खरोखर कमी आला तर शोध दुसरीकडे जातो. टीबी, सार्कॉइडोसिस (टीबीसारख्या गाठी करणारा एक आजार), काही कॅन्सर, आणि आपल्याकडे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डी व्हिटॅमिनच्या ६०,००० युनिटच्या पावडरीची. डॉक्टरांनी आठवड्याला एक असे आठ आठवडे लिहून दिलेलं असतं, पण चिठ्ठी तीच दाखवून केमिस्टकडून पुढचे पाऊच येत राहतात, दुधात घालून वर्षभर घेतले जातात आणि घरात कोणी मोजतसुद्धा नाही. तुम्ही कॅल्शियम आणि पावडर सध्या थांबवा आणि डॉक्टरांना किती घेतलंत ते खरं सांगा. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का तेही स्ट्रिप घेऊन जाऊन दाखवा, या औषधांनी कॅल्शियम वाढतं, मात्र बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. थायरॉइडची गोळी तर चालूच ठेवायची.

जाऊबाईंना सांगा दूध-दही नेहमीसारखं खायचं, ते तोडलं की पीटीएच उलट आणखी वाढू शकतो. कमी पडतंय ते पाणी. फोर्टला जाणाऱ्या कितीतरी बायका वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवतात, आणि पाणी कमी पडलं की कॅल्शियम अजून चढतं, स्टोनही होतो. हृदय-किडनीचा त्रास नसेल तर दिवसभरात दोन-अडीच लिटर तरी प्या.

पीटीएच वाढलेला निघाला तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा, परळच्या केईएममध्येही हा विभाग आहे. ते २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि हाडांची डेक्सा तपासणी सांगतील, कारण काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासून थोडं जास्त असतं (ते लघवीच्या तपासणीतून कळतं) आणि तिथे ऑपरेशन लागत नाही. सोनोग्राफी किंवा सेस्टामिबी स्कॅनमध्ये (वाढलेली ग्रंथी शोधणारा स्कॅन) काही दिसलं नाही तरी आजार नाही असं होत नाही, निदान रक्तावरून होतं, स्कॅन फक्त सर्जनला जागा दाखवतो. वय ५० च्या आत, स्टोन, हाडं पातळ किंवा कॅल्शियम मर्यादेपेक्षा १ ने वर असेल तर बहुतेकदा ऑपरेशनच सुचवतात आणि अनुभवी सर्जनच्या हातून ते चांगलं होतं.

मधल्या काळात उलट्या थांबेनात, खूप गुंगी आली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत जा आणि कॅल्शियम वाढलंय हे आत शिरतानाच सांगा.