वाचक विचारतात : मोंतायूचा मालक कोण होता?

प्रश्न : फ्रान्समधल्या मोंतायू गावात म्हणे पन्नास माणसंसुद्धा राहत नाहीत, तरी तिथं महापौर आहे! आणि टेकडीवर पडका किल्ला आहे, तर पूर्वी त्या किल्ल्यातला सरदारच गाव चालवायचा का? जरा नीट सांगा ना.
– एक वाचक, सातारा

उत्तर : महापौराचं आधी सांगते, ते सोपं आहे. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेनं सरदारांचे हक्क मोडीत काढायचं ठरवलं आणि त्याच डिसेंबरात कायदा करून गावोगावी निवडून आलेला कारभार बसवला. त्यालाच कॉम्यून म्हणतात. आज अशी जवळपास 35 हजार आहेत, गाव केवढंही असो, सदस्य निवडायचे आणि त्यांनी महापौर.

आता किल्ला. हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून थोडं लांबेल. मोंतायू पिरेनीज डोंगरात साधारण 1300 मीटरवर, 1300 सालाच्या आसपास वस्ती दोनशे-अडीचशे, सगळी शेतकरी नाहीतर मेंढपाळ. गाव फ्वा प्रांताच्या काउंटचं, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराचं, पण तो काही तिथं राहत नव्हता, किल्ल्यात त्याचा किल्लेदार असायचा, बेरांजे द रोकफोर नावाचा, आणि त्याची बायको बेआत्रिस. आपण सरदार सरदार म्हणतो पण हा नेमलेला माणूस होता, तो वारला तशी बेआत्रिसला किल्ला सोडून खाली साध्या घरात राहायला जावं लागलं. किल्ला घराण्याचा नव्हताच ना!

मग रोजचा वचक कोणाचा? तर गावातल्याच क्लेर्ग घराचा. एक भाऊ बेर्नार, काउंटचा बाय्ल, म्हणजे सारा वसूल करणारा आणि हुकूम बजावणारा, दुसरा भाऊ पिएर, गावचा पाद्री. एकाच चुलीवर सरकार पण आणि चर्च पण. लोकांना काउंटचा जेवढा राग नव्हता तेवढा चर्चच्या दशमांशाचा होता, त्यात मेंढरांवरचा हिस्सा तर मेंढपाळांना फारच टोचायचा, आणि त्यातून बऱ्याच घरांचा ओढा कॅथर पंथाकडे, जो चर्चच्या लेखी पाखंड. 1308 मधे इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, अख्ख्या गावातली मोठी माणसं पकडून नेली, पुढे 1318 ते 1325 पामिएचा बिशप जाक फूर्निए यानं त्या भागातल्या लोकांची एकेकाला बसवून चौकशी केली. दोघं क्लेर्ग भाऊ पण सुटले नाहीत, दोघंही कैदेतच वारले.

हे सगळं एवढं बारीक कळतं कारण फूर्निएनं जबान्या लिहून ठेवल्या, तो 1334 मधे पोप झाला आणि ते दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिकलं. मेंढपाळ कुठं झोपला, कोणी कोणाच्या डोक्यातल्या उवा काढल्या, चुलीपाशी काय बोलणं झालं, सगळं त्यात आहे. सरदारांची कागदपत्रं युरोपात भरपूर सापडतात हो, पण कुळांचं, बायाबापड्यांचं बोलणं असं कुठं मिळतं? मी ते वाचते तेव्हा दरवेळी वाटतं की ही माणसं भीतीनं बोलत होती, हे विसरून वाचू नये.

बेआत्रिसची जबानी पण आहे त्यात. 1321 मधे तिला कैद झाली, पुढच्या वर्षी सोडलं, पण पाखंडाची खूण म्हणून कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून फिरायची अट घालून. एकेकाळची किल्लेदारीण.