साठ पानांचा हिशोब

मागच्या अंकात पोकेमॉन कार्ड गेमवर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की डेकबद्दल किंवा नियमांबद्दल काही अडत असेल तर कळवा. पत्रं बरीच आली, जवळजवळ सगळी आपल्या बडोद्यातलीच, आणि मुलांसोबत एक आई, एक बाबा आणि एक आजोबापण आहेत हे बघून फार बरं वाटलं. सगळ्यांना एकाच वेळी उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे प्रश्न वारंवार आले ते आधी घेतोय. नवीन वाचकांसाठी एवढंच: डेक म्हणजे खेळायची ६० पानांची गड्डी, बेसिक म्हणजे थेट खाली ठेवता येणारा पोकेमॉन, इव्होल्यूशन म्हणजे त्याच्यावर ठेवायचं पुढचं रूप, एनर्जी हल्ल्यासाठी लागते आणि ट्रेनर म्हणजे मदतीची कार्डं.

प्रश्न: दादा, मी दहावीत आहे, दांडिया बाजारला राहतो. माझा चारिझार्ड ईएक्सचा डेक आहे, कार्डं सगळी भारी आहेत पण दर दुसऱ्या गेमला हातात बेसिकच नसतो आणि परत पिसायला लागतं. मित्र म्हणतो तुझं नशीबच खराब. लिस्ट: बेसिक ६, इव्होल्यूशन ९, ट्रेनर २३, एनर्जी २२. काय बदलू?

नशिबाचं राहू दे, आधी मोजून बघू. ६० पानांत ६ बेसिक असतील तर पहिल्या ७ पानांत एकही बेसिक न येण्याची शक्यता जवळपास ४६ टक्के आहे, म्हणजे तू "दर दुसऱ्या गेमला" लिहिलंयस ते अगदी बरोबर आहे, तुझा डेक जसा बांधलाय तसाच वागतोय. बेसिक १० केलेस की हाच आकडा २६ वर येतो आणि १२ केलेस की १९ वर. आणि मुलिगन (बेसिक नाही म्हणून परत पिसणं) म्हणजे फक्त वेळ जातो असं नाही ना, तुला हात समोरच्याला दाखवावा लागतो, त्याला तुझा डेक कळतो, आणि वर तुझ्या प्रत्येक मुलिगनमागे त्याला एक जास्तीचं पान उचलता येतं. गेम सुरू व्हायच्या आधीच तू मागे पडतोस.

आता जागा कुठून काढायची, तर एनर्जीतून. २२ एनर्जी खूपच जास्त झाल्या रे. तू ऑब्सिडियन फ्लेम्समधला डार्कनेस टाइपचा चारिझार्ड ईएक्स खेळतोयस असं धरून सांगतो, तो हातातून इव्हॉल्व्ह केला की त्याची इन्फर्नल रेन ही ॲबिलिटी डेकमधून ३ पर्यंत बेसिक फायर एनर्जी शोधून तुझ्या पोकेमॉनना लावून देते, आणि त्याच्या हल्ल्याला लागतात फक्त २ फायर. जो पोकेमॉन स्वतः एनर्जी शोधून आणतो त्याच्या डेकमध्ये ८ पुष्कळ झाल्या. म्हणजे १४ जागा मोकळ्या. त्यातल्या ६ बेसिकला दे, चारमँडर (चारिझार्डचा बेसिक) पूर्ण ४ कर, आणि उरलेल्या ८ मध्ये शोधायची कार्डं वाढव: अल्ट्रा बॉल, बडी-बडी पॉफिन (हा ७० किंवा कमी एचपीचे, म्हणजे तेवढाच मार सोसणारे, दोन बेसिक थेट बेंचवर, म्हणजे राखीव रांगेत, आणतो) आणि रेअर कँडी (मधली पायरी गाळून थेट चारिझार्ड करणारं कार्ड) ४ नसतील तर ४.

अजून एक गोष्ट तुझ्या लिस्टमधून कळत नाही पण बहुतेक जण इथेच चुकतात म्हणून लिहितो. ज्या कार्डाशिवाय तुझा डेक चालतच नाही ते एकच ठेवू नकोस. सुरुवातीलाच ६ प्राइझ कार्डं (समोरचा पोकेमॉन बाद केला की उचलायची, सगळी उचलली की जिंकलास) बाजूला पडतात, म्हणजे एकुलतं एक कार्ड प्राइझमध्ये अडकायची शक्यता सरळ १० टक्के. तेच कार्ड २ ठेवलंस तर दोन्ही अडकायची शक्यता १ टक्क्याच्याही खाली जाते. एका पानाच्या जागेत एवढा फरक पडतो, मला तर हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा मी माझे सगळे डेक त्याच रात्री उघडून बसलो होतो.

प्रश्न: माझ्या भावाने पहिल्याच टर्नला चारमँडर ठेवला, त्यावर लगेच रेअर कँडी लावून चारिझार्ड केला. म्हणतो कँडीवर लिहिलंय स्टेज वन सोडून जाता येतं. बरोबर आहे का? — अलकापुरी

नाही, आणि त्याने कार्ड अर्धंच वाचलंय. रेअर कँडीने मधली स्टेज वन सुटते हे खरं, पण त्याच कार्डावर पुढे लिहिलंय की तुमच्या पहिल्या टर्नला ती वापरता येत नाही आणि त्याच टर्नला खाली ठेवलेल्या बेसिकवरही वापरता येत नाही. म्हणजे चारमँडर या टर्नला ठेव, कँडी पुढच्या टर्नला. भावाशी भांडू नका, कार्ड समोर ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगा. आणि हो, गेम सुरू करणाऱ्याने पहिल्या टर्नला हल्ला करायचा नसतो आणि सपोर्टरही (ट्रेनर कार्डांतला एक प्रकार) खेळायचा नसतो, हेपण बघून घ्या, घरी खेळताना हे सर्रास विसरलं जातं.

प्रश्न: वीकनेस आधी की बोनस आधी? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज वाद होतो. — एम. एस. युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी, हॉस्टेलमध्ये चौघी खेळतो

क्रम ठरलेला आहे. वीकनेस म्हणजे ज्या टाइपचा मार पोकेमॉनला दुप्पट लागतो तो, रेझिस्टन्स म्हणजे ज्याचा कमी लागतो तो. हल्ल्यावर छापलेला आकडा घ्यायचा, मग हल्ला करणाऱ्याच्या बाजूचे बोनस मिळवायचे, मग वीकनेसने दुप्पट, मग रेझिस्टन्सचे ३० वजा, आणि सगळ्यात शेवटी समोरच्याच्या बाजूचे कमी करणारे इफेक्ट. समज तुझा हल्ला १२० चा आहे, एखाद्या टूलमुळे (पोकेमॉनला जोडायचं कार्ड) ३० जास्त मिळतात आणि समोरच्याला तुझ्या टाइपची वीकनेस आहे: १२० अधिक ३० म्हणजे १५०, त्याचे दुप्पट ३००. वीकनेस आधी करून मग ३० मिळवले तर २७० येतात, आणि २८० एचपीचा पोकेमॉन त्या ३० मध्ये वाचतो, तुमची भांडणं नेमकी इथेच होत असणार.

दोन अपवाद लिहून ठेवा. बेंचवरच्या पोकेमॉनला डॅमेज जातं तेव्हा वीकनेस-रेझिस्टन्स धरत नाहीत, जोपर्यंत कार्ड स्वतः वेगळं सांगत नाही. आणि कार्डावर "डॅमेज काउंटर ठेवा" असं लिहिलेलं असेल (काउंटर म्हणजे झालेला मार दाखवायच्या खुणा) तर ते डॅमेज नाही, तिथे दुप्पट-बिप्पट काही नाही, जेवढे काउंटर लिहिलेत तेवढेच ठेवायचे. मी नवीन खेळणाऱ्यांना नेहमी सांगतो की या गेममध्ये "डॅमेज करा" आणि "काउंटर ठेवा" यातला फरक समजला की अर्धे वाद आपोआप संपतात.

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्याबरोबर मी पण शिकतेय. तिचा पोकेमॉन झोपलेलाही होता आणि विषबाधा झालेलाही, ती म्हणते दोन्ही एकदम होऊ शकत नाही. — एक आई

होऊ शकतं ताई. लक्षात ठेवायची सोपी युक्ती सांगतो. झोप, पॅरालिसिस आणि कन्फ्यूजन या तिन्हींत कार्ड फिरवून ठेवतात, आणि एक कार्ड एका वेळी एकाच बाजूला फिरवता येतं, म्हणून या तिघांपैकी एकच राहतं, नवीन आलं की जुनं जातं. विष आणि बर्न मात्र मार्कर ठेवून दाखवतात, त्यामुळे ते दोन्ही एकत्र राहू शकतात आणि वरच्या तिघांपैकी एकाबरोबरही. विषाचे १० प्रत्येक टर्ननंतर लागतात, तुमच्याही आणि समोरच्याच्याही, हे बरेच जण फक्त आपल्या टर्नला मोजतात. बर्नचे २० लागतात आणि मग नाणं उडवायचं, छापा आला तर बर्न जातो. झोपेसाठीही नाणंच. आणि पोकेमॉन बेंचवर गेला किंवा इव्हॉल्व्ह झाला की हे सगळं पुसलं जातं, पण झोपलेला किंवा पॅरालाइझ झालेला पोकेमॉन स्वतः रिट्रीट करू शकत नाही, त्यासाठी स्विचसारखं कार्ड हातात लागतं.

आई शिकून मुलीबरोबर खेळतेय हे वाचून खूप छान वाटलं. रविवारी सकाळी कमाटीबागेत या दोघी, आमच्यातली चारपाच मुलं असतात, तिच्या वयाची पण आहेत.

प्रश्न: मी रावपुऱ्यात राहतो, वय ७१. नातवाबरोबर खेळतो. आम्ही आयुष्यभर मेंढीकोट आणि रमी खेळलो, त्यामुळे पिसणं आणि काटणं यात मी पक्का आहे. परवा असं झालं की माझ्या हल्ल्याने त्याचा पोकेमॉन बाद झाला आणि त्याच हल्ल्यात माझा स्वतःचा पण, आणि दोघांनी शेवटचं प्राइझ उचललं. जिंकलं कोण?

आजोबा, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. उत्तर असं की दोघांनी एकाच वेळी जिंकायची अट पूर्ण केली तर सडन डेथ होते, म्हणजे पुन्हा पिसायचं, पुन्हा सात-सात पानं, पण प्राइझ सहाऐवजी प्रत्येकी एकच. जो ते आधी उचलेल तो जिंकला. पण त्याआधी एक बघायचं: दोघांपैकी कोणी दोन प्रकारे जिंकलंय का. म्हणजे तुम्ही शेवटचं प्राइझ तर घेतलंच, शिवाय नातवाकडे खाली एकही पोकेमॉन उरला नाही, आणि त्याने मात्र फक्त प्राइझ घेतलं, तर तुम्ही जिंकलात, सडन डेथची गरज नाही.

काटायची सवय सोडू नका, या गेममध्येही स्वतः पिसून झालं की डेक समोरच्यासमोर धरायचा, त्याने काटावा किंवा पिसावा. आजकालची मुलं घाईत हे करत नाहीत आणि मला ते खटकतं. नातवाला तुमच्याकडून हे नक्की शिकवा.

प्रश्न: महिन्याला मुलाचे बूस्टर पॅक मागणं चालूच असतं. पॅक घेऊन डेक होतो का? — मांजलपूर

उघडायची मजा हवी असेल तर अधूनमधून एखादा घ्या, डेकसाठी मात्र सुटी कार्डं घ्या. डेक बांधायला नेमकं तेच कार्ड ३ किंवा ४ लागतात आणि पॅकमध्ये काय निघेल ते हातात नसतं. साध्या छपाईचं आणि चमकणाऱ्या महागड्या छपाईचं कार्ड खेळात सारखंच असतं, स्वस्तातलं घ्या. घ्यायच्या आधी कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघा, स्टँडर्ड स्पर्धेत कुठली अक्षरं चालतात ते बदलत राहतं, २०२५ च्या एप्रिलमध्ये एफवाली बाहेर गेली. (दांडिया बाजारवाल्या, स्पर्धेला जायचं असेल तर तूपण तुझ्या चारिझार्डवरचं अक्षर बघ.) जुनंच कार्ड त्याच नावाने, त्याच मजकुराने नवीन अक्षरासह परत छापलेलं असेल तर जुनी प्रतही चालते, आणि बेसिक एनर्जी कुठलीही चालते.

प्रश्न: २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या खालच्या मजल्यावर शिरलं तेव्हा माझा डबा ओला झाला होता. साधी कार्डं गेली, पण काही फॉइल वाचली, ती आता वाकलीयत. स्पर्धेत वापरू शकतो का?

तुझं वाचून वाईट वाटलं, त्या आठवड्यात आमच्याकडेही बऱ्याच मुलांचं असंच गेलं. फॉइल वाकतं कारण कागद ओल शोषून फुगतो आणि वरचा चमकणारा थर तसा फुगत नाही. प्रश्न दिसण्याचा नाहीये, डेक टेबलावर ठेवला की ते वाकलेलं पान कुठे आहे ते बाजूने कळतं, आणि जे पान पाठीमागून किंवा कडेने ओळखू येतं ते मार्क्ड कार्ड धरलं जातं, मुद्दाम केलेलं असो वा नसो. मला स्वतःला एकदा जजने टेबलावरून उठवून सगळ्या स्लीव्ह (कार्डांवरची प्लास्टिकची आवरणं) बदलायला लावल्या होत्या, कारण फक्त माझी फॉइलं वाकलेली होती आणि नेमकी तीच माझी मुख्य कार्डं होती. माझ्या मनात काही नव्हतं, पण जज बरोबर होता, समोरच्याला ते कसं कळणार.

म्हणून आधी कार्डं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेव, मग जाड पुस्तकांखाली काही दिवस. सरळ झाली तर नवीन, एकसारख्या, मागून अपारदर्शक स्लीव्हमध्ये घाल आणि डेक डोळ्यांच्या उंचीला धरून कडेने बघ. एकही पान वेगळं दिसलं तर ते घरी खेळायला ठेव आणि स्पर्धेसाठी त्याचीच साधी छपाई शोध. घरून प्रिंट काढून आणलेली प्रॉक्सी (खऱ्या कार्डाऐवजी वापरायचं बदली पान) चालत नाही, प्रॉक्सी फक्त जज देऊ शकतो. तुझ्या ओल्या झालेल्यांपैकी साधी ट्रेनर कार्डं कुठली होती ती यादी पाठव, माझ्याकडे जास्तीची बरीच आहेत, पुढच्या रविवारी घेऊन येतो.