लेकीला व्हिडिओ आर्टिस्ट व्हायचंय

प्रश्न : आमची मुलगी कोल्हापुरात अप्लाइड आर्ट शिकली, आता जर्मनीत मास्टर्स करते. म्हणते, व्हिडिओ आर्टिस्ट होणार. सिनेमा नाही, टीव्ही नाही, जाहिरातही नाही. आदर्श म्हणून शिरीन नेशात हे नाव सांगते. या बाईंचं पोट कशावर चाललं? शिवाय तिला काम करायचंय ते इथल्या यंत्रमागावरच्या बायकांवर. मग जर्मनीत बसून ते कसं होणार? – एक वडील, इचलकरंजी

उत्तर : मुलीनं नाव चांगलं निवडलंय. व्हिडिओ आर्ट म्हणजे थिएटरात नव्हे, तर गॅलरीत पडद्यावर कलाकृती म्हणून दाखवायची चित्रफीत. फक्त तिनं तुम्हाला व्हेनिसचा पुरस्कार सांगितला असेल आणि त्याआधीची वर्षं गाळली असतील. ती मी सांगतो. मी समीक्षक नव्हे. मुंबईच्या गॅलऱ्यांत प्रोजेक्टर टांगायचे, केबल लपवायच्या, दोन पडद्यांवरची चित्रं एका क्षणी सुरू करून द्यायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कलावंतांची मिळकत मला मागच्या दारानं कळते.

नेशात यांचा जन्म १९५७चा, इराणमधल्या कझवीनचा. वडील डॉक्टर. त्यांनीच सतराव्या वर्षी मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवलं. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली आणि ही मुलगी तिकडेच राहिली. बर्कलीला कलेचं उच्च शिक्षण झालं, मग न्यूयॉर्क. आणि तिथं जवळजवळ दहा वर्षं कलावंत म्हणून सांगण्याजोगं काहीच नाही. थोडंफार केलं, तेही नष्ट करून टाकलं. त्या काळात 'स्टोअरफ्रंट फॉर आर्ट अँड आर्किटेक्चर' या छोट्याशा ना-नफा संस्थेत त्या पतीसोबत काम करत होत्या. दुसऱ्यांची प्रदर्शनं मांडायची, दुसऱ्यांचं ऐकायचं. त्यांचं खरं शिक्षण इथंच झालं, असं माझं मत. डिग्रीपेक्षा जास्त.

१९९०मध्ये त्या इराणला जाऊन आल्या. लहानपणीचा देश ओळखू येईना. त्यातून १९९३पासूनची 'विमेन ऑफ अल्लाह' ही छायाचित्रं आली: चादोर (डोक्यापासून पायापर्यंत झाकणारं वस्त्र) घेतलेल्या बायका, काहींच्या हाती बंदूक, आणि चेहऱ्यावर-तळहातावर शाईनं फारसी कविता. म्हणजे नाव झालं ते छत्तिशीत, आणि तेही कॅमेऱ्यातल्या स्थिर चित्रानं. व्हिडिओ त्यानंतरचा.

१९९८चं 'टर्ब्युलंट' मुलीला जरूर समजावून सांगायला लावा. दोन पडदे, समोरासमोरच्या भिंतींवर. एकावर पुरुष गायक, त्याच्या मागे पुरुषांनी भरलेलं सभागृह. तो रूमी या जुन्या फारसी कवीची रचना गातो, टाळ्या घेतो. तेवढा वेळ समोरच्या पडद्यावर एक बाई पाठमोरी उभी, तिच्यापुढे रिकाम्या खुर्च्या. त्याचं गाणं संपतं आणि ती सुरू करते. शब्द नाहीतच, नुसता कंठ, श्वास, किंकाळी, घुमारा. आता समोरच्या पडद्यावरचे पुरुष तिच्याकडे बघत थिजलेले. गायिका सुसान देहीम. क्रांतीनंतर इराणात स्त्रीनं पुरुष श्रोत्यांपुढे एकटीनं गाण्यावर बंदी आली, हे कळलं की रिकाम्या खुर्च्या आपोआप बोलू लागतात. आणि बघणारा मधोमध उभा. मान एकीकडे वळवली की दुसरी बाजू सुटते. असं काम लावताना पडद्यांची उंची तंतोतंत जुळवावी लागते, नाहीतर त्या दोघांची नजरच जुळत नाही.

पुढच्या वर्षी, १९९९मध्ये, व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. वय बेचाळीस.

आता पैसा. व्हिडिओची प्रत कुणीही काढू शकतो, मग विकत कोण घेणार, ही तुमची शंका असणारच, माझीही होती. त्यावर या धंद्यानं तोडगा काढला: मोजक्याच प्रती, बहुधा पाच-सहा, प्रत्येकीला क्रमांक आणि कलावंताच्या सहीचं प्रमाणपत्र. संग्रहालय फाइल विकत घेतं म्हणण्यापेक्षा ते प्रमाणपत्र आणि दाखवण्याचा हक्क घेतं. सोबत खोली किती काळी हवी, पडदा केवढा, आवाज किती, याची कागदोपत्री सूचना असते. गिऱ्हाईक थोडं, कारण दिवाणखान्यात कोण दोन भिंती रिकाम्या ठेवणार? म्हणून बहुतेकांची चूल जोडकामावर पेटते. नेशात यांच्या बाबतीत ते जोडकाम म्हणजे छायाचित्रं. व्हिडिओच्या जगातलीच, पण भिंतीवर टांगता येणारी. न्यूयॉर्कच्या ग्लॅडस्टोन गॅलरीनं त्यांचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. दुसरा जुना आधार शिकवण्याचा. व्हिडिओ कलेचा आद्यपुरुष मानला जाणारा नाम जून पाइक हा कोरियन माणूस. १९६३मध्ये जर्मनीतल्या वुपरटाल गावी त्यानं बिघडवलेले टीव्ही मांडले, आणि पुढे ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्राध्यापक झाला.

जर्मनी या बाबतीत बरा देश आहे. बहुतेक राज्यांत सरकारी अकादमीला शिक्षणशुल्क जवळपास नाहीच (बाडेन-वुर्टेमबर्ग युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं). शिकून झाल्यावर स्वतंत्र कलावंत म्हणून तिथं राहिली, तर कलावंतांच्या सामाजिक विमा निधीत नाव घालता येतं. आरोग्य आणि पेन्शनच्या हप्त्यातला साधारण अर्धाच वाटा कलावंत भरतो. तिला विचारा, 'क्युन्स्टलरसोत्सियालकासे' (या निधीचं जर्मन नाव) ठाऊक आहे का. नसेल तर आदर्श बाजूला ठेवून आधी त्याचे नियम वाचायला सांगा. त्यातही स्वतःच्या कामातून वर्षाला किमान ३९०० युरो कमवावे लागतात; नवख्यांना पहिली तीन वर्षं सूट असते.

दूर राहून इथलं काम कसं, हा प्रश्न मला जास्त आवडला. नेशात १९९६नंतर इराणला गेलेल्या नाहीत. त्यांचा इराण उभा राहतो दुसरीकडेच: 'रॅप्चर' हा व्हिडिओ मोरोक्कोत, 'तूबा' हा मेक्सिकोच्या ओआहाकात. १९५३च्या तेहरानवरचा 'विमेन विदाउट मेन' हा चित्रपट कॅसाब्लांकात घडला आणि २००९मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्यसिंह घेऊन आला. दुरावा हाच त्यांचा विषय झाला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. पाश्चात्त्यांच्या मनात आधीच असलेला इराण, चादोर आणि बंदूक, तेवढाच त्या दाखवतात असा आक्षेप घेतला जातो. 'विमेन ऑफ अल्लाह'पुरता तो मला थोडा पटतो. फारसी न येणाऱ्याला ती शाई नुसती नक्षी दिसते. 'टर्ब्युलंट'ला तो आक्षेप चिकटत नाही.

तुमच्या मुलीवर कुठली बंदी नाही, तिकीट काढून तिला येता येतं. म्हणून मोरोक्कोत इचलकरंजी उभारायची सवलत मी तिला देणार नाही. तिनं यावं, रात्रपाळीला मागाजवळ उभं राहावं, कॅमेरा पहिले काही दिवस पिशवीतच ठेवावा. त्या खडखडाटात माणसाचा आवाज टिपायचा तर साउंडचा जाणकार सोबत लागेल. नेशात यांच्याही मागे संगीतकार, छायाचित्रणकार, सहलेखक अशी कायमची माणसं आहेत. एकटीचं हे काम नव्हे. आणि ज्या बायकांचं चित्रण करेल त्यांना तयार झालेलं काम आधी दाखवावं, जर्मनांना नंतर.

पैशाची मदत करायची असेल तर कॅमेरा घेऊन देऊ नका; तो भाड्यानं मिळतो. तिच्या येण्याजाण्याचा खर्च उचला.

प्रश्न : गॅलरीत व्हिडिओ चालू असतो, आपण मध्येच घुसतो. किती वेळ थांबायचं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दाराजवळच्या पाटीवर मिनिटं लिहिलेली असतात, ती बघा. दहा-पंधरा असतील तर पुन्हा तुम्ही आलात त्या जागेपर्यंत थांबा. लूप असल्यामुळे, म्हणजे व्हिडिओ संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्यामुळे, काही सुटत नाही. तीन तास असतील तर बाक आहे का बघा. बाक नसेल तर मांडणाऱ्यांनीच तुम्ही थांबाल अशी आशा सोडलेली आहे, तेव्हा खुशाल निघा. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत भिंतीला धरून उभे राहा, आणि मोबाइलचा टॉर्च लावू नका.