वाचकांचे प्रश्न: लेथवर जाळून काढलेली काळी रेघ

मागच्या अंकात लेथवर (लाकूड गोल फिरवून त्याला आकार द्यायच्या मशीनवर) केलेल्या भोवऱ्यांचे फोटो आले होते, त्यावरच्या काळ्या रेघा बघून बऱ्याच जणांनी विचारलंय की हा रंग कुठला. तर तो रंग नाहीये, ते जळलेलं लाकूडच आहे. फिरत्या लाकडावर वायर घासून काढलेली रेघ. त्यातले चार प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न: दादा, मी घरी छोट्या लेथवर पेन आणि लाटणी करतो. इलेक्ट्रिक वायर सोलून आतल्या तांब्याच्या तारेनं रेघ जाळायचा प्रयत्न केला, पण एकतर तार तुटते नाहीतर नुसता तपकिरी डाग पडतो, तोही वेडावाकडा. जोर कमी पडतोय का? (चिपळूण)

जोर अजिबात वाढवू नका, गडबड तांब्याची आहे. तांबं मऊ, ताणलं की लांबतं आणि तुटतं, आणि वर उष्णता इतकी भराभर वाहून नेतं की लाकूड तापायच्या आधीच ती तारेतून निघून जाते. तुम्हाला हवी स्टीलची कडक तार, कारण स्टील उष्णता फार हळू नेतं त्यामुळे जिथे घासतंय तिथेच ताप साठत जातो. गिटारची सगळ्यात बारीक साधी स्ट्रिंग घ्या, ०.०१० इंचाची म्हणजे पाव मिलिमीटर, म्युझिकच्या कुठल्याही दुकानात सुटी मिळते. जाड रेघ हवी तर ०.०१७ च्या आसपासची. ते नको असेल तर सायकलच्या जुन्या ब्रेक वायरचा पीळ उलगडा आणि त्यातला एक धागा घ्या, मस्त चालतो. बांधकामवाल्यांची बाइंडिंग वायर मात्र नको, ती मऊ पण असते आणि जाड पण.

आता वेडीवाकडी का होते. वायर गुळगुळीत लाकडावर टेकवली की तिला बसायला जागाच नसते, ती इकडेतिकडे सरकते. म्हणून आधी खाच. स्क्यूचं (तिरक्या धारेच्या पटाशीचं) लांब टोक खाली ठेवून लेथ चालू असताना हलकेच आत घाला, अर्धा मिलिमीटर ते एक मिलिमीटर बास, बारीक व्ही पडला की झालं. मग लेथ बंद करून टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) पूर्ण बाजूला काढा, वायर खाचेत बसवा, पुन्हा चालू करा आणि ताण देऊन धरा. धूर यायला लागला की मनात दोन-तीन मोजायचे आणि वायर उचलायची. जास्त वेळ धरली तर रेघ अजून काळी होत नाही, नुसती रुंद होते आणि कडा करपतात. माझ्या मते नव्यानं शिकणाऱ्याचं सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं, खाच नीट केलेली असते पण थांबायचं कळत नाही.

स्पीडचं पण सांगतो. जळणं हे लाकडाची कड किती वेगानं घासते त्यावर आहे, नुसत्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्या त्यावर) नाही. एक इंच जाडीचा दांडा २००० आरपीएमला फिरला तर कड मिनिटाला साधारण १६० मीटर घासते, तीन इंची जॉबची (लेथवर चढवलेल्या लाकडाची) कड ६५०-७०० आरपीएमलाच तेवढी घासते. म्हणजे पेनाला स्पीड भरपूर लागेल, जाड खांबाला एवढा लागणार नाही. लाकूड ओलं असेल तर मात्र कितीही फिरवा, आतलं पाणी वाफ होऊन जाईपर्यंत ताप वर चढतच नाही, धूर दिसेल पण रेघ फिकीच राहील.

एक विनंती लाटण्याबद्दल, रेघा फक्त मुठींवर काढा. मधल्या भागात काढल्या तर खाचेत कणीक बसते, ती धुऊन नीट निघत नाही आणि पोळीवर वळ उठतो तो वेगळाच.

प्रश्न: सर, मी वायरची दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून धरते, पकड चांगली बसते. पण मिस्टर म्हणतात हे डेंजर आहे. काही होतं का त्यानं? (पुणे)

ताई, मिस्टर बरोबर सांगतायत, आणि हे आजपासून बंद करा. वायर जॉबमध्ये अडकली किंवा चकच्या (लाकूड पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) जबड्यात गेली तर लेथ ती क्षणात ओढून घेतो, तुम्ही सोडायच्या आधी बोट गेलेलं असतं. पाव मिलिमीटरची स्टीलची तार ताणली की सुरी असते, सुरी. हँडग्लोव्ह घालून करू असं वाटेल, ते तर अजून वाईट, लेथवर ग्लोव्ह कधीच नाही.

दोन लाकडी दांडके घ्या, बोटभर जाड, चार-चार इंचाचे, मधोमध बारीक भोक पाडून वायर त्यातून ओवा आणि पीळ द्या. दांडका मुठीत नुसता धरायचा, मनगटाला दोरी वगैरे काही नाही, म्हणजे वायर ओढली गेली तर दांडका हातातून सुटून जाईल. बास, तेवढ्यासाठीच आहे तो. वायर लांब ठेवा, हात चकपासून लांब राहतील अशी, आणि जॉबच्या अर्ध्या घेरापेक्षा जास्त गुंडाळली जाऊ देऊ नका, पूर्ण वेढा तर नाहीच नाही. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, लांब बाही हे लेथसमोर चालत नाही हे तुम्हाला माहीत असेलच तरी सांगतो. डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क, आणि सुरू करायच्या आधी लेथखालचा भुसा झाडून घ्या, ठिणगी क्वचित पडते पण भुसा आतल्या आत धुमसत राहतो.

प्रश्न: पोळपाटाच्या वरच्या सपाट बाजूला गोल रेघ हवीय, तिथे वायर बसतच नाही. आणि मी सागावर करतो, रेघ फिस्कटल्यासारखी दिसते. (सांगली)

सपाट बाजूला वायर बसणारच नाही, तिला वळसा घालायला गोलाई लागते. तिथे सनमाइकाचा तुकडा वापरा. दुकानात सँपलचे छोटे तुकडे असतात ते मागून आणा, कड तिरकी घासून धारदार करा, खाचेत टेकवून घट्ट दाबा, धूर येतो आणि रेघ उमटते. कड झिजली की परत घासायची. पण पोळपाटात लाकूड आडवं असतं, एका फेरीत दोनदा लाकडाचा उभा रेषा (तंतू) आणि दोनदा आडवा रेषा समोर येतो, त्यामुळे रेघ काही ठिकाणी जास्त काळी काही ठिकाणी कमी, हे थोडं राहणारच. आणि लाटण्यासारखंच इथेही, रेघ अगदी काठाला घ्या, पोळी लाटायच्या जागेत नको.

सागाचं म्हणाल तर साग तेलकट आणि त्याची छिद्रं मोठी, कड फाटते म्हणून फिस्कटल्यासारखं दिसतं. शिसवावर काढून उपयोग नाही, काळ्यावर काळं. मला विचाराल तर हळदू शोधा. पिवळसर, बारीक पोताचा, एकसारखा, लेथवर लोण्यासारखा कापला जातो आणि काळी रेघ त्यावर अशी उठून दिसते की बघत राहावं. वखारीत सहज मिळत नाही पण जुन्या वखारवाल्याला विचारा, तो ओळखतो. शिवणही चालतो, फिक्या रंगाचा आहे, फक्त थोडा मऊ म्हणून हात हलका ठेवा. आंब्यावर शिकायला हरकत नाही, स्वस्त आहे.

प्रश्न: मला कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखं लाखेचं काम करायचंय आणि त्यात काळ्या रेघाही हव्यात. आधी लाख की आधी रेघ? (सावंतवाडी)

आधी रेघ. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घासून जो ताप होतो त्यानं लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं ती पसरवून चमक आणतात. म्हणजे लाख वितळवणारा ताप आणि रेघ जाळणारा ताप एकच, दोन्ही घर्षणाचेच, फरक फक्त किती त्याचा. लाख शंभर अंशाच्या आतच मऊ होऊन वाहायला लागते, लाकूड काळं पडायला दोनशेच्या पुढे जावं लागतं. लाखेवर वायर धरलीत तर लाकूड जळायच्या कितीतरी आधी लाख वितळून वायरला चिकटेल आणि सगळा चिखल होईल.

तेव्हा क्रम असा धरा, आकार पूर्ण करा, २४० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा, खाच पाडा, रेघ जाळा, परत ४०० चा एकच हलका हात म्हणजे कडेची काजळी जाईल. ओल्या फडक्यानं पुसू नका, काजळी फिक्या लाकडाच्या छिद्रात उतरते आणि मग निघत नाही, कोरडा ब्रश वापरा. नंतर लाख. रेघेवरून रंगीत लाख गेली तर रेघ झाकली जाईल, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे रंग चढवा आणि रेघ मधे उघडी ठेवा, नाहीतर तेवढ्या भागावर बिनरंगाची लाख घ्या. चन्नपट्टणला पूर्वापार जे हाले लाकूड वापरतात तो आपल्याकडचा काळा कुडा, नाव काळं असलं तरी लाकूड पांढरं असतं. सिंधुदुर्गात तो मिळाला तर जरूर त्याच्यावर करून बघा. ज्यांना लाख नको, सीलर किंवा तेल लावायचंय त्यांनाही हेच, जाळण्याचं काम संपल्यावरच लावा, एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर तर पटकन पेट घेतो, त्याचा डबा लेथजवळ उघडा पण ठेवू नका.

चन्नपट्टणचं काम बघायला जाणार असाल तर कांडी दाबताना कारागिराचा हात बघा, किती दाबतो आणि कधी उचलतो ते. वायरलाही तोच हात लागतो.