झाडांच्या अंगात कायटिन नसतं, मग ते मोडणारं एन्झाइम त्यांच्याकडे कशासाठी?

तुमचं म्हणणं असं: ऐरोलीच्या बाल्कनीतल्या टोमॅटोला पावसाळ्यात बुरशी लागते, म्हणून मासळीवाल्या मावशींनी कोळंबीची सालं कुंडीत पुरायला सांगितली. त्या सालांत कायटिन नावाचा पदार्थ असतो, आणि झाडांत तो मोडणारं एन्झाइम असतं हेही तुमच्या वाचनात आलं. मग टोमॅटो ती सालं पचवतो का?

नाही, पचवत नाही. पण ते एन्झाइम, म्हणजे कायटिनेज, झाडांत असतं हे अगदी खरं. मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि हा माझा आवडीचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

कायटिन म्हणजे एन-ॲसिटिल ग्लुकोजअमाइन या साखरेची लांबलचक साखळी. कोळंबी-खेकड्यांचं कवच, किड्यांचं आवरण आणि बुरशीची पेशीभित्तिका यांत ते असतं, वनस्पतीत नसतं. त्यामुळे पानात कायटिन सापडलं की परकं कोणी घुसलंय हे पक्कं. शिवाय ते तोडणारं हत्यार झाडाच्या स्वतःच्या पेशीभित्तिकेला धक्का लावत नाही.

वनस्पतींच्या कायटिनेजची दोन घराणी आहेत, १८ आणि १९ क्रमांकाची. काम एकच, पण घडण इतकी वेगळी की दोन्ही स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असं मानतात. १९व्या घराण्यातलं प्रथिन बहुतांशी मळसूत्री वळ्यांचं असतं आणि त्यात एक खोल खाच असते. साखळी त्या खाचेत बसते. तिथली दोन ग्लुटामिक आम्लं (प्रथिनाच्या साखळीतली अमिनो आम्लं) कामाला लागतात: एक बंधाला प्रोटॉन देतं, दुसरं पाण्याच्या रेणूला हल्ल्यासाठी तयार करतं, आणि बंध तुटतो. बार्लीच्या दाण्यातल्या अशा एन्झाइमची रचना १९९०च्या दशकात क्ष-किरणांनी उलगडली गेली. १८व्या घराण्यातलं प्रथिन आठ पट्ट्यांच्या पिंपासारखं असतं. रबराच्या चिकातलं हेवामाइन हे त्याचं गाजलेलं उदाहरण. इथे तर साखळीतल्या साखरेचाच ॲसिटिल गट तिच्या छेदाला हातभार लावतो.

१९व्या घराण्यातल्या पहिल्या वर्गाच्या एन्झाइमना सुरुवातीला आणखी एक तुकडा जोडलेला असतो. जेमतेम ४० अमिनो आम्लांचा, पण ८ सिस्टीनच्या (गंधक असलेल्या अमिनो आम्लाच्या) गंधक-बंधांनी घट्ट आवळलेला. तो कापत नाही, कायटिनला धरून ठेवतो. विळीच्या पाटावर पाय रोवला की पातं नीट चालतं, तसं. हा तुकडा काढून टाकला तरी एन्झाइम कापतं, पण बुरशीविरुद्ध कमी पडतं. (रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना केळं किंवा ॲव्होकॅडोही बाधतं, त्यामागे बऱ्याचदा याच तुकड्याचं साधर्म्य असतं.) याच वर्गातल्या अनेकांच्या शेवटी एक छोटी शेपटी असते, ती त्यांना पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, साठवायला पाठवते. शेपटी नसलेली पेशींच्या मधल्या जागेत पाझरतात.

१९८६मध्ये दिसून आलं की घेवड्याच्या पानांतून शुद्ध केलेलं कायटिनेज ट्रायकोडर्मा बुरशीची वाढ रोखतं. मार बसतो तो वाढत्या टोकावर, कारण तिथलं नवं कायटिन अजून उघडं असतं. मात्र बऱ्याच बुरशींना एकटं कायटिनेज पुरत नाही, जोडीला ग्लुकानेज, म्हणजे बुरशीच्या भित्तिकेतलं ग्लुकान तोडणारं एन्झाइम, लागतं. हे १९८८मध्ये वाटाण्यावरच्या कामातून पुढे आलं.

मला मात्र यापेक्षा मोठी गोष्ट वाटते ती तुटलेल्या तुकड्यांची. पेशींच्या मधल्या जागेतलं कायटिनेज बुरशीची भित्तिका कुरतडतं, तेव्हा सहा-आठ साखरांचे तुकडे सुटतात. झाडाच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरचे ग्राहक (बाहेरचे रेणू ओळखणारी प्रथिनं) ते ओळखतात. भातातला असा ग्राहक २००६मध्ये सापडला. त्यानंतर पेशीत संरक्षणाची शेकडो जनुकं जागी होतात, त्यांत आणखी कायटिनेज बनवणारीही असतात. म्हणजे हे एन्झाइम बुरशीला मारण्याआधीच तिची खबर देतं. नुसतं ‘बुरशीनाशक प्रथिन’ म्हटलं की ही बाजू झाकली जाते, आणि पाठ्यपुस्तकांत नेमकं तेच होतं.

बुरशीही गप्प बसत नाही. टोमॅटोच्याच पानांवर येणारी क्लॅडोस्पोरियम फुल्व्हम बुरशी एक प्रथिन सोडून स्वतःचं कायटिन झाकून घेते, आणि दुसरं प्रथिन सोडून ते सुटलेले तुकडे झाडाला कळायच्या आत उचलते. तेव्हा एन्झाइम असूनही तुमच्या झाडाला बुरशी लागते, यात आश्चर्य नाही.

आता सालांचं. मावशींचा सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही. फक्त ते काम झाड करत नाही, मातीतले जिवाणू करतात, त्यांत ॲक्टिनोमायसिटीज हे धाग्यांसारखे वाढणारे जिवाणूही आले. आपल्या खाडीत खेकड्यांनी टाकलेली कवचंही मुख्यतः जिवाणूच मोडतात. मातीत कायटिन मिसळलं की ते खाणारे सूक्ष्मजीव वाढतात, आणि त्यांतले काही रोगकारक बुरशी आणि सूत्रकृमींनाही (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना) आवरतात. कायटिनमध्ये वजनाच्या सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो, तोही हळूहळू मिळतो. पण ओली सालं थेट कुंडीत पुरू नका. वास सुटेल, मुंग्या आणि उंदीर येतील, आणि मीठ मुळांना त्रास देईल. धुऊन, कडक वाळवून, भरडून कंपोस्टमध्ये मुरू द्या, मगच मातीत घाला. याने पानांवरची बुरशी मात्र थेट जाणार नाही. त्यासाठी खालची पानं काढा, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा आणि पाणी सकाळी, मुळाशीच घाला. मातीतून होणाऱ्या मूळकुजीसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्माची भुकटी शेणखतात मिसळून द्या. ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी असूनही कायटिनेज सोडून दुसऱ्या बुरशी फस्त करते.