क्वांटम कॉम्प्युटर आला की बँक खाती आणि यूपीआय उघडं पडणार का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: क्वांटम कॉम्प्युटरमुळे बँक, यूपीआय, पासवर्ड सगळं उघडं पडेल का, आणि तो लॅपटॉपची जागा घेईल का. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, नाही घेणार. ईमेल, एक्सेल, व्हिडिओ, गेम यांत त्याचा काडीचा उपयोग नाही. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि एनक्रिप्शन (म्हणजे मजकूर कुलूपबंद करायची पद्धत) बदलण्याची कामं सध्या आमच्या टेबलावर येतात, म्हणून त्याच बाजूने सांगतो.

बातम्यांत हमखास छापून येतं की क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही, त्यामुळे हा कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो. हे अर्धंच खरं आहे. 50 क्यूबिटमध्ये दोनाचा 50 वा घात एवढ्या शक्यता मिसळलेल्या असतात हे बरोबर, पण मोजायला गेलात की त्यांतली एकच हाती लागते, तीही कुठली ते नशिबावर. खरी कसरत वेगळीच आहे. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराच्या लहरी एकमेकींना बळ देतील, अशी मांडणी करावी लागते. ज्यात ही मांडणी जमते असे प्रश्न आजवर फार थोडे सापडलेत.

त्यांतला सगळ्यात गाजलेला म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव पाडणं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये असताना गणितज्ञ पीटर शोर यांनी 1994 मध्ये ही रीत मांडली. 15 घेऊन बघा. 7 चे घात करत जा आणि प्रत्येकाला 15 ने भागून बाकी लिहा: 7, 4, 13, 1, मग पुन्हा 7, 4, 13, 1. आवर्तन चारचं. त्याचं निम्मं दोन, म्हणून 7 चा वर्ग घ्या, 49. त्याच्या अलीकडे 48, पलीकडे 50. 48 आणि 15 चा मसावि 3, 50 आणि 15 चा मसावि 5. पडले अवयव! 15 ला कागद-पेन्सिल पुरते. पण आरएसए या एनक्रिप्शनची सगळी मदार मोठ्या संख्येचे अवयव पाडता न येण्यावर असते. त्यात 617 अंकी संख्या असते आणि तिचं आवर्तन इतकं लांब असतं की साध्या कॉम्प्युटरला ते शोधता येत नाही. आवर्तन पकडणं हे मुळात लहरींचंच काम, म्हणून क्वांटम इथे बाजी मारतो.

कागदावर. 2001 मध्ये आयबीएमच्या चमूने 7 क्यूबिटवर याच 15 चे अवयव पाडून दाखवले, आणि त्यानंतरही या रीतीने सांगण्यासारखी मोठी संख्या फुटलेली नाही. अडचण चुकांची आहे. गूगल-आयबीएमच्या चिप निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानात ठेवतात, तरी क्यूबिट बिघडतात. मग अनेक कच्चे क्यूबिट मिळून एक भरवशाचा क्यूबिट तयार करावा लागतो. डिसेंबर 2024 मध्ये गूगलने 105 क्यूबिटच्या विलो चिपवर दाखवलं की अशी जुडी मोठी करत नेली तर प्रत्येक पायरीला चूक साधारण निम्मी होते. ही माझ्या मते खरी प्रगती. 2019 मध्ये त्यांनी 53 क्यूबिटवर ‘200 सेकंदांत 10,000 वर्षांचं काम’ म्हणून गाजवलेला प्रयोग त्यापुढे किरकोळ होता. ते काम कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, आणि साध्या कॉम्प्युटरवाल्यांनी तो दावा पुढे बराच खाली आणला.

2048 बिटांची आरएसए चावी, म्हणजे तीच 617 अंकी संख्या, फोडायला किती क्यूबिट लागतील? 2019 चा अंदाज होता 2 कोटी कच्चे क्यूबिट आणि 8 तास. त्याच अंदाजाच्या एका लेखकाने, गूगलच्या क्रेग गिडनी यांनी, 2025 मध्ये तो 10 लाखांच्या आत आणि आठवड्याच्या आत आणला. मशीन वर चढतेय आणि गरज खाली येतेय. मी क्यूबिटच्या बातम्यांपेक्षा या दुसऱ्या आकड्यावर नजर ठेवतो. आपल्याकडचं चित्र हवं असेल तर, मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा यांनी 2024 मध्ये 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. सुरुवात म्हणून छान, पण अंतर लक्षात घ्या.

सगळंच एनक्रिप्शन मात्र यात मोडत नाही. फाइल कुलूपबंद करणाऱ्या एईएसवर लव्ह ग्रोव्हर यांची 1996 ची रीत चालते, पण ती फक्त वर्गमुळाएवढा फायदा देते. 256 बिटांच्या चावीला तरीही दोनाचा 128 वा घात इतक्या पायऱ्या उरतात. तिथे निवांत राहा. तुमचा यूपीआय पिनही काही चुकीच्या प्रयत्नांनंतर अडतो, त्याला क्वांटम काय करणार?

धोका आहे तो आज चोरून साठवलेल्या आणि पुढे कधीतरी उघडल्या जाणाऱ्या मजकुराचा. दहा-वीस वर्षं गुप्त राहायला हवं असं काही असेल, म्हणजे आरोग्याच्या नोंदी, सरकारी पत्रव्यवहार, तर काळजी आत्ताच करायची. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये, क्वांटमलाही दाद न देणाऱ्या नव्या एनक्रिप्शन पद्धतींची तीन मानकं जाहीर केली. गंमत म्हणजे ती साध्या कॉम्प्युटरवरच चालतात. सिग्नल आणि आयमेसेज या मेसेज पाठवायच्या अ‍ॅपनी या जातीचं एनक्रिप्शन त्याआधीच बसवलं होतं.

क्वांटम कॉम्प्युटरच्या खऱ्या उपयोगाची बाजू रसायनशास्त्राची आहे. रेणू हेच क्वांटम नियमांनी वागतात, तेव्हा त्यांची नक्कल त्याच नियमांच्या मशीनवर करावी, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन 1981 मध्येच म्हणाले होते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू जमिनीच्या तापमानात हवेतला नायट्रोजन बांधतात. तेच करायला खत कारखान्याला 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. त्या जिवाणूंच्या एन्झाइममधला लोह-मॉलिब्डेनमचा गाभा नीट हिशोबात बसवणं साध्या कॉम्प्युटरला फार जड जातं. पण इथेही चुका सुधारणारं मोठं मशीनच हवं, आणि हिशोब जमला म्हणजे खत तयार झालं असं नाही.

एआय, शेअर बाजार, ट्रॅफिक यांत क्वांटम कमाल करेल असे दावे मी जरा सावधपणेच घेतो. 2018 मध्ये युइन टँग या विद्यार्थिनीने ‘तुम्हाला हेही आवडेल’ सुचवणाऱ्या एका क्वांटम रीतीच्या तोडीची, साध्या कॉम्प्युटरवर चालणारी रीत काढून दाखवली होती.

तुम्ही एवढंच करा: फोन आणि बँकेचं अ‍ॅप अपडेट ठेवा, बाकीचं काम आमच्यासारख्यांचं. आणि कुणी तुमच्या ऑफिसात ‘क्वांटम-सेफ’ म्हणून काही विकायला आलं, तर त्या तीन मानकांपैकी कोणतं वापरलंय तेवढं विचारा. नाव सांगता आलं नाही तर चहा पाजून रवाना करा.