वाचक विचारतात: शेताच्या बांधासाठी सरकारी पैसा कुठनं मिळतो?

प्रश्न: आमची खाजन शेती आहे (खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), बांध फुटून खारं पाणी आत येतं. दुरुस्तीला सरकारची योजना आहे का, आणि बी-खतासाठी कर्ज कुठे मागायचं? – एक वाचक, चोडण, गोवा

उत्तर: पहिलं म्हणजे ही दोन कामं वेगळी ठेवा, लोक दोन्हीचे कागद एकत्र घेऊन हिंडतात आणि मग वैतागतात. बांध आणि मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) हे एकट्याचं काम नाहीच, ते गावच्या टेनंट्स असोसिएशनचं, म्हणजे कुळांच्या संघटनेचं, म्हणून अर्ज पण असोसिएशननेच करायचा, कृषी खात्याच्या मृद संधारण विभागाकडे. कमिटी झोपलेली असेल तर आधी तिला उठवा, खरी अडचण बहुतेक तिथंच असते! तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन कृषी कार्ड केलंय ना? नसेल तर आधी ते करा, राज्याच्या बऱ्याच सबसिड्या त्यावरच मिळतात.

कर्जासाठी किसान क्रेडिट कार्ड, बँकेत किंवा सोसायटीत. 3 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 3 टक्के सूट, म्हणजे 4 च पडतं. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही, मॅनेजर मागायला लागला तर हे सांगा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा मालक आणि कुळ दाखवणारा कागद, मात्र न्या, आणि त्यावर कुळ म्हणून अजून आजोबांचंच नाव असेल तर ते आधी मामलेदाराकडे विचारून घ्या, नाहीतर फाईल तिथंच अडकते. पीककर्ज बांधावर घालू नका हं.